बदली पाहुणे

आमच्या फिजिक्सच्या विभागात एक शाल होती. विटकरी रंगाची, जरीचा काठ जरा उसवलेला, आणि डांबरगोळ्यांचा वास इतका पक्का की घडी मोडली की पहिल्या बाकावरची मुलं शिंकायची. प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या व्होल्टमीटरांच्या वरच्या फळीवर ती असायची. घेतलेली विभागाच्या खर्चानं, पण पडायची बहुतेक वेळा आम्हाला शिकवणाऱ्या सरांच्याच खांद्यावर. स्वतःच्याच कॉलेजात, रोज ज्या बाकांपुढं उभं राहायचं त्याच बाकांपुढं, पाहुणे म्हणून सत्कार करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दर शनिवारी आमच्या बी.एस्सी.च्या वर्गासाठी बाहेरच्या कुणाचं तरी व्याख्यान व्हायचं. शेजारच्या इमारतीतली इंजिनिअरिंगची मुलंही येऊन मागं बसायची. कल्पना सरांचीच. ते म्हणायचे, पुण्यामुंबईच्या पोरांना शास्त्रज्ञ जिन्यात भेटतो, आपल्या पोरांना निदान शनिवारी भेटू दे. मग ते पत्रं लिहायचे, फोन करायचे, ओळखी काढायचे. कधी पूल बांधणारे इंजिनिअर, कधी दुर्बिणीवर काम करणारे कुणी, कधी वारणानगरच्या साखर कारखान्यातले बॉयलरवाले साहेब. कोल्हापूरला यायला लोक हो म्हणतात. जेवायला तर दोनदा हो म्हणतात.

आणि तिथंच सगळं फिसकटायचं. पाहुणा स्टँडवर उतरला की सर त्याला थेट जेवायला न्यायचे. तांबडा रस्सा, पांढरा, परत तांबडा, वर आग्रहाची वाटी. उपाशी माणूस काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं. तुडुंब जेवलेला माणूस काय बोलणार, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. ताऱ्यांच्या आयुष्यावर बोलायला आलेले एक विद्वान गृहस्थ, तारा जन्मायच्या आधीच जांभया द्यायला लागले आणि तारा मेला तेव्हा खुर्चीत डोळे मिटून होते. आम्ही टाळ्या वाजवल्या म्हणून जागे झाले. सरांना मात्र व्याख्यान फार आवडलं होतं. त्यांना सगळ्याच पाहुण्यांचं सगळंच आवडायचं.

त्यामुळं खरा पाहुणा येणार म्हटलं की त्याची गाडी वाटेत बंद पडावी म्हणून आम्ही अंबाबाईला साकडं घालायचो. गाड्याही तेव्हा भरवशाच्या नव्हत्या. कराडजवळ काहीतरी व्हायचंच. ऑफिसात फोन यायचा, शिपाई मामा येऊन सरांच्या कानात सांगायचे, सर जरा वेळ खाली बघत उभे राहायचे. मग वर्गाला म्हणायचे, "आजचे पाहुणे येऊ शकत नाहीत. बदली पाहुणे येतायत. कुणी उठू नका." आणि मागच्या दारानं निघून जायचे.

ते कुठं जातात हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या दारानं बाहेर, कॅन्टीनच्या कडेनं, सायकल स्टँडमधून, छोट्या फाटकातून रस्त्यावर, आणि रस्त्यानं वळसा घालून कॉलेजच्या मोठ्या दरवाजात. तिथं मामा फेटा घेऊन उभे असायचे. आम्हाला वर आवाज यायचा.

"या पावणं, या. लई येळ केलासा."

"काय सांगायचं मामा, रस्ता लई खराब."

फेटा बांधलेले सर पुढच्या दारात येऊन थांबायचे. कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. मग वर्गाचा प्रतिनिधी शाल घालायचा, नारळ द्यायचा आणि परिचय करून द्यायचा, "आजचे पाहुणे फार लांबून आले आहेत." पहिल्या खेपेला वर्ग हसून लोळला. सर खुर्चीवर बसले आणि हसू संपेपर्यंत उठलेच नाहीत. पाहुण्यापुढं असं हसायचं नसतं, एवढंच मामांनी दारातून सांगितलं. पुन्हा कुणी हसलं नाही.

एरवीचे सर आणि हे सर यांचा काही संबंध नव्हता. एरवी ते पिवळ्या पडलेल्या टिपणांतून पुस्तकी मराठीत शिकवायचे. 'उष्णता म्हणजे ऊर्जेचा एक प्रकार होय' यातला 'होय' येईपर्यंत मागचे दोन बाक झोपलेले असायचे. मी गडमुडशिंगीहून सकाळच्या बसनं उभ्यानं यायची, त्यामुळं मला तर त्या तासाचा फार आधार वाटायचा. कुणी शंका विचारली की सर घाबरायचे. टिपणात बोट घालून शोधायचे, सापडलं नाही तर उद्या सांगतो म्हणायचे. हाच माणूस फेटा बांधून पुढच्या दारानं आत आला की खडूसुद्धा हातात धरायचा नाही. टेबलाच्या कडेला टेकायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि आपल्या गावच्या भाषेत बोलायला लागायचा. आम्हाला अहो-जाहो करायचा.

पुलाचं व्याख्यान मला अजून आठवतं. ठरलेले इंजिनिअर आले नव्हते, पण विषय तोच ठेवायचा असा सरांचा नियम होता. त्यांनी दोन मुलांना समोरासमोर उभं केलं, एकमेकांच्या तळव्याला तळवे लावायला सांगितले आणि पाय मागं मागं सरकवायला लावले. दोघं एकमेकांवर कलून उभे राहिले.

"ह्यातला उभा कोण हाय?" सर म्हणाले. "कोणच न्हाय. दोगं बी पडाय लागलेत. पर ह्यो त्येला पडू दीना, त्यो ह्याला पडू दीना. आपला पंचगंगंवरचा जुना दगडी पूल असाच हाय. कवापासनं पडालाय बघा. तुमी वरनं गेलासा की दगूड आनकी घट्ट बसत्यात. पूल ओज्यानं उभा हाय, ओझं काढून न्हाय."

 पुढं मी गणितं केली, कमानीतले दाब काढले, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले. पण आजही त्या पुलावरून जाताना मी जरा जपून जाते, आणि आपलं वजन कुठल्यातरी दगडाच्या उपयोगी पडतंय असं वाटून बरं वाटतं.

दुसरं व्याख्यान तारेचं. टेबलावर दोन स्टँड, त्यांच्यामध्ये ताणलेली पोलादी तार. मिरजेत तंबोरे-सतारी दुरुस्त करणाऱ्या कुणाकडून त्यांनी ती मागून आणली होती. पडदे ओढले, दिवे घालवले, तारेतून वीज सोडली. तार तापली, लाल झाली, केशरी झाली, लांब होऊन मधे लोंबायला लागली. मग सरांनी बटण बंद केलं.

"आता बगत राव्हा. डोळं झाकू नका."

तार गार होत गेली. आखडत वर आली, रंग उतरला, लाल, काळपट लाल, मग दिसेनाशी. संपलं असं वाटलं. कुणीतरी बाक सरकवला. आणि त्याच वेळी त्या अंधारात ती तार एकदम खाली लवली आणि पुन्हा उजळली. कुणी हात लावला नव्हता, वीज बंदच होती. आपल्या आपणच उजळली, आणि मग सावकाश विझली.

अंधारातूनच सरांचा आवाज आला. तापलेल्या लोखंडात अणू एका रीतीनं बसलेले असतात, गार लोखंडात दुसऱ्या. गार होता होता एक वेळ अशी येते की सगळी पंगत उठते आणि नव्या रीतीनं बसते. त्या उठण्याबसण्यात अंगातली राखून ठेवलेली ऊब सुटते. "तीच दिसली तुमास्नी. आपल्याला वाटतं, इझलं. पर आत कायतरी बसायचं ऱ्हायल्यालं असतंय."

त्या दिवशी बसमध्ये मला खिडकी मिळाली. उचगावच्या बाजूला एका फाउंड्रीच्या छपरातून लाल उजेड दिसत होता. रोज दिसायचा, त्या दिवशी मी त्याच्याकडं बघत राहिले. तिथं आत केवढ्या पंगती उठत आणि बसत असतील. शेजारच्या बाई भाजीची पिशवी माझ्या पायावर ठेवून झोपी गेल्या होत्या. ऊस, गाड्या, विजेच्या तारा, सगळं मला ओळखीचं आणि तरीही नुकतंच मांडल्यासारखं दिसत होतं. गडमुडशिंगीचा थांबा निघून गेला आणि मला पुढून चालत परत यावं लागलं. आईची बोलणी खाल्ली. फिजिक्स शिकवायचं हे मी त्या चालण्यात ठरवलं.

शेवटच्या वर्षाला असताना मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तासाला असं का बोलत नाही?" ते प्रयोगशाळेत शालीची घडी घालत होते. काठाला काठ जुळवला.

"पाहुण्याला सिलॅबस नसतो गं," ते म्हणाले. "घरच्या माणसाला सगळं आलं पाहिजे. पाहुण्याला नुसतं नवल वाटलं तरी चालतं."

पिकतं तिथं विकत नाही, हे आपण दुसऱ्याबद्दल म्हणतो. सरांनी ते स्वतःबद्दल ओळखलं होतं आणि त्यावर आपल्यापुरता इलाजही काढला होता. त्या इलाजात शालीचा भाग किती मोठा हे एकदाच कळलं. दिल्लीकडचे एक खरे पाहुणे खरोखरच आले, जेवले, बोलले आणि सत्कारात चुकून घातलेली हीच जुनी शाल, कुणीही नेईल तशी, बॅगेत भरून निघाले. सर कासावीस. पाहुण्यांना शाल परत कशी मागायची? शेवटी मामांनीच स्टँडवर जाऊन, तुमाला ह्यापेक्षा चांगली देऊ म्हणून नवी कोरी शाल दिली आणि जुनी सोडवून आणली. ते पाहुणे कोल्हापूरच्या आदरातिथ्याबद्दल पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत होते म्हणे.

यथावकाश सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर उठून हात जोडले आणि बसले. लोक म्हणाले, गहिवरले. मी त्याच विभागात रुजू झाले होते आणि मलाही तसंच वाटलं. शनिवारची व्याख्यानं माझ्याकडं आली. आता पाहुणे पडद्यावर येतात, बेंगळुरूहून, परदेशातून. पडद्यावरच्या पाहुण्याची गाडी कराडला बंद पडत नाही. फार तर नेट जातं, मग मुलं घरी जातात. बदली पाहुण्याची कुणाला गरज पडत नाही. शाल कपाटातच राहिली.

गेल्या वर्षी एका दुपारी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, स्टाफरूममध्ये आल्या. उचगावला मुलाच्या घरी राहतात दोघं. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि लगेच मुद्द्यावर आल्या.

"बाई, तुमचं सर बोलंनात."

"म्हणजे? तब्येत?"

"तब्येत चांगली हाय. डॉक्टरला दावलं. घसा ठणठणीत हाय म्हणाला, कान बी, डोस्कं बी. नुस्तं बोलायचं थांबल्यात. पेपर वाचत्यात, जेवत्यात, झोपत्यात. जेवलासा का म्हटलं तर मान हलवत्यात. पोरगं दुकानाच्या गडबडीत, सून नोकरीला. दिवसभर आमी दोगंच. मीच बोलती आन् मीच हूं म्हणती." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "भांडण असतं तर बरं झालं असतं वो. भांडणात माणूस बोलतं तरी."

मी खुर्ची जवळ ओढली. काकूच पुढं म्हणाल्या, "हितं लई बोलायचे म्हणं. पोरं घरी यायची, सांगायची. मी कवा ऐकल्यालं न्हाई. मला कोन बोलवनार कालिजात? एकदा बोलवा त्यास्नी. मी बी मागं बसून ऐकती. न्हाईतर हे असंच ऱ्हायलं तर मी काय करू सांगा."

एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईंनी नवऱ्याचं एकही व्याख्यान ऐकलं नव्हतं, आणि आता त्याचा आवाजच बंद झाला होता. मला फार वाईट वाटलं आणि त्याच पावली मी कामाला लागले. प्राचार्यांची परवानगी काढली, रीतसर निमंत्रण छापलं, स्वतः उचगावला नेऊन दिलं. सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं, मान हलवली. विषय मी मुद्दाम तारेचाच ठेवला होता. मिरजेहून नवी तार आणली. सेवानिवृत्त मामांना घरून बोलावलं. शालीला ऊन दाखवलं.

त्या शनिवारी वर्ग भरला. सर मोठ्या दरवाजानं, मोटारीतून, काकूंबरोबर आले. मामांनी फेटा बांधला. प्राचार्यांनी खराखुरा परिचय करून दिला, नाव, पदव्या, सेवा, सगळं. मी शाल घातली. काकू शेवटच्या बाकावर अवघडून बसल्या होत्या, हातात पिशवी घट्ट धरून.

सर उठले. टेबलाच्या मागं उभे राहिले. मुलांकडं बघितलं. मग खिशातून एक कागद काढला, चष्मा लावला आणि खालच्या आवाजात वाचलं, "उष्णता म्हणजे ऊर्जेचा एक प्रकार." 'होय' आलंच नाही. कागदावर बोट फिरवत पुढची ओळ शोधत राहिले. मुलांनी बाकाखाली मोबाइल काढले. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. काकूंनी माझ्याकडं बघितलं, आणि मला ते बघणं सोसेना. मी बोलावून आणलं होतं, आणि माणूस सगळ्यांच्या देखत आणखी गप्प होत चालला होता.

मी त्यांच्या अंगावरच्या शालीकडं बघत बसले होते. कधी नव्हे ते आज सर खरे पाहुणे म्हणून ती पांघरून होते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सरांना आजवर कुणी कधी बोलावलंच नव्हतं. ते कायम दुसऱ्याच्या जागी आले होते. जो आलेला नाही त्याच्या नावावर त्यांना बोलता यायचं. आज मी त्यांची ती जागाच काढून घेतली होती. आज येणारे पाहुणे तेच, आणि त्यांच्याकडून सगळ्यांना सगळं हवं होतं.

मी उठले आणि माइक घेतला. "मुलांनो, एक वाईट बातमी आहे. आजचे पाहुणे येऊ शकत नाहीत. त्यांची गाडी कराडजवळ बंद पडली आहे."

प्राचार्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझी बढती त्याच दिवशी गेली असावी. मुलं समोर उभ्या असलेल्या पाहुण्यांकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघायला लागली. मी सरांकडं वळले. "सर, आता हो कसं करायचं? बदली कुणी मिळेल का?"

सरांनी चष्मा काढला.  मग फेटा उतरवून टेबलावर ठेवला, शाल काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

"कुटं गेलं?" काकू उभ्या राहिल्या.

"येतील," मी म्हणाले. मला खात्री नव्हती. ते थेट घरीही गेले असते. मामांनी कुणी न सांगता फेटा उचलला आणि पुढच्या जिन्यानं खाली पळाले. त्या वयात पळाले. मी खिडकीशी उभी राहिले. कॅन्टीनच्या कडेनं सर चालले होते, सावकाश, हात मागं बांधून. सायकल स्टँडच्या जागी आता मोटारसायकली आहेत, त्यांतून वाट काढताना ते थांबले, एका आरशात वाकून काहीतरी बघितलं. मग छोट्या फाटकातून रस्त्यावर गेले आणि झाडांमागं दिसेनासे झाले.  पडदे वाऱ्यानं हलत होते, दुपारचं ऊन टेबलावरच्या तारेवर येऊन जात होतं.

खालून आवाज आला, "या पावणं, या. लई येळ केलासा."

 मी खिडकीतून वाकले.

"काय सांगायचं मामा," सरांचा आवाज आला, "रस्ता लई खराब."

काकूंनी पदर तोंडावर धरला. सर पुढच्या दारात येऊन थांबले. मी 'या' म्हटलं. शाल घातली. "आजचे पाहुणे फार लांबून आले आहेत," एवढंच म्हटलं आणि बसले. सर टेबलाच्या कडेला टेकले, खिडकीबाहेर बघितलं, आणि बोलायला लागले. पडदे ओढायला लावले. तार तापली, विझली, आणि विझल्यावर एकदा उजळली. अंधारात शेवटच्या बाकावरून काकूंचा आवाज आला, "अगं बाई." मुलांचे मोबाइल परत बाहेर आले, पण या खेपेला तारेचं चित्र घ्यायला. तास संपल्याची घंटा झाली ती कुणी ऐकली नाही.

आठवड्याभरानं काकूंचा फोन आला. मी भीत भीतच विचारलं, घरी कसं काय?

"दोन दिस गप्पच हुते," काकू म्हणाल्या. "मग मला सुचलं. म्हटलं, आज चहाला पावणं येनार हुतं, आलं न्हाईत. चहा वाया जातोय. तर उठले की वो. मागच्या दारानं गेले, गल्लीतनं फिरून म्होरल्या दारात हुबं. मी म्हटलं, या, बसा. बसले. मग जे बोलाय लागले ते दिवेलागणीपतोर. गच्चीतल्या टाकीतलं पाणी सकाळी गार का लागतं, तेच सांगत हुते. शेजारीण बघत हुती दारातनं, बघू दे. आता रोज चारला येत्यात."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी म्हणाले, काकू, काही लागलं सवरलं तर सांगा.

"सांगायलाच फोन केलाय," काकू म्हणाल्या. "तेवढी शाल पाटवून द्या बाई. खांद्यावर माजा टॉवेल घालती, पर त्यावर काय त्यांचं मन भरंना."